उजवं कवाड

माझ्या काकाला गावात डावा सुतार म्हणायचे आणि माझ्या बाबांना उजवा सुतार. याचा हातांशी काही संबंध नाही. दोघंही पटाशी डाव्या हातात धरायचे आणि हातोडी उजव्या हाताने मारायचे, चारचौघांसारखी. पण कालव्याच्या लॉकच्या दरवाजाला दोन कवाडं असतात. पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहिलं की एक डाव्या काठाला दिसतं, एक उजव्या. काकाने जन्मभर डावी केली आणि बाबांनी उजवी. नवा पोस्टमन आला की महिनाभर गोंधळायचा, मग तोही मुकाट डावा-उजवा म्हणायला लागायचा.

लॉक हा कागदावरचा शब्द. आम्ही हौद म्हणतो, कारण तो हौदच आहे. दोन्ही अंगांना दगडी भिंती, वरच्या टोकाला एक दरवाजा, खालच्या टोकाला एक. आमच्याकडे जमीन एकदम उतरते, त्यामुळे वरचा कालवा आणि खालचा कालवा यांच्यात दोन पुरुष उंचीचा फरक आहे, आणि होडीला काही पायऱ्या चढता येत नाहीत. म्हणून ती खालून हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी झडपेतून हळूहळू आत सोडायचं. पाणी चढतं तशी होडी चढते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. हे काम मी करते. कालव्याच्या खात्याने मला हौदाची राखणदार म्हणून नेमलं आहे, आणि बघायला येणाऱ्या लोकांना हे सगळं इतक्यांदा सांगून झालंय की आता सांगताना मी दुसराच काहीतरी विचार करू शकते.

दरवाजाला कडी नाही, कुलूप नाही. याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. दोन कवाडं मध्ये भेटतात ती सरळ रेषेत भेटत नाहीत. वरच्या पाण्याकडे किंचित टोक काढून भेटतात, अर्धवट उघडलेलं पुस्तक उभं ठेवावं तशी. पाणी त्यांना ढकलतं आणि ढकलता ढकलता एकमेकांवर दाबून धरतं. पाणी जितकं जास्त तितका दरवाजा घट्ट. पण एकट्या कवाडाचा उपयोग शून्य. ते कितीही भक्कम असलं तरी समोर दुसरं नसेल तर पाणी त्याला बाजूला सारून चालू लागतं.

हौद बांधला तेव्हाची हकिगत आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरी किती आणि तिखटमीठ किती ते मला ठाऊक नाही. बाहेरून एक कंत्राटदार आला. त्याने खड्डा खणला, भिंती उभ्या केल्या आणि पहिल्याच पाण्याला त्या आत बसल्या, कारण खालची जमीन भुसभुशीत होती. वर्षाची मेहनत पाण्यात गेली. मग त्याने लांबून चिकणमाती आणवली, ती भिजवली आणि तुडवायला गावातली सगळी गुरं खड्ड्यात उतरवली. गुरं दमली तेव्हा माणसं उतरली. बायाबापड्या, म्हातारे, ज्याला पाय होते तो. असा मातीचा जाड थर खड्ड्याच्या अंगाबरोबर दाबून झाल्यावर त्याच्या पोटात दगड रचले, तळ वाटीसारखा गोल केला आणि सांध्यांत चुना भरला. ती माती अजून ओली आहे. ती ओली आहे तोवर हौद गळत नाही, आणि हौदात पाणी आहे तोवर ती वाळत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. दोन्ही काठांवर सुतार होते आणि दोन काठांचं एकमेकांशी पटत नव्हतं. का पटत नव्हतं ते कुणालाच आठवत नाही, पण पटत नव्हतं एवढं सगळ्यांना आठवतं. कंत्राटदार पडला व्यवहारी माणूस. त्याने भांडण नको म्हणून ज्याच्या काठाचं कवाड त्याला करायला दिलं. दोघांनी आपापल्या अंगणात, आपापल्या मापाने, आपापल्या तोऱ्यात कवाडं केली. बसवायच्या दिवशी दोन्ही काठांवर गर्दी. कवाडं लावली तर मधे मूठ जाईल एवढी फट. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि पाणी दोघांनाही न विचारता मधून निघून गेलं.

मग कंत्राटदाराने एक शेड बांधली. तिच्यात समोरासमोर दोन जोती केली, कवाड मांडून काम करता येईल एवढे रुंद ओटे, मधून चालायला वाट. दोघांना दोन भिंतींशी पाठ टेकवून बसवलं, तोंडं एकमेकांकडे. एकाने रेघ मारली की दुसऱ्याने तिची उलटी रेघ मारायची. एकाने खाच पाडली की दुसऱ्याने समोर तशीच, पण उलटी. बोलायची गरज नाही, फक्त बघायचं. ते दोघे शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत म्हणतात, पण कवाडं अशी जुळली की मधून पोस्टकार्डही जाईना. पुढे त्यांच्याच नातवंडांची सोयरीक झाली, दोन्ही जोती एकाच घरात आली आणि ती पद्धत आमच्या गळ्यात पडली. खात्याकडे नकाशा आहे, पण तो एकाच कवाडाचा, डाव्या. खाली एक ओळ लिहिली आहे: दुसरं याच्या उलट. त्या ओळीवर आमचं घर चाललं.

कालव्यावरच्या सगळ्या हौदांची कवाडं या शेडमध्ये झाली. लाकूड पाण्याच्या रेषेवर कुजतं, तेव्हा एका हौदाचं काम संपेस्तोवर दुसऱ्याचं निघायचं. बाबा आणि काका लहानपणापासून तिथं बसले. बाबा थोरले, म्हणून त्यांना आजोबांचं उजवं जोतं मिळालं, काकाला धाकट्या आजोबांचं डावं. बाबा बडबडे. काम करता करता सगळ्या गावाची उणीदुणी काढायचे आणि स्वतःच्याच विनोदाला हसायचे. काका गप्प. हसू आलं तर रंधा थांबवायचा, हसायचा आणि पुन्हा रंधा चालू. त्याने लग्न केलं नाही. जेवायला आमच्याकडे असायचा, आईला वहिनी म्हणायचा, आणि मीठ कमी आहे याशिवाय जेवणाबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. आई म्हणायची, या माणसाचं तोंड फक्त मिठासाठी उघडतं.

बाबा गेले त्या दिवशी मी डबा घेऊन शेडवर गेले होते. एकेक करून बाकीच्या हौदांना लोखंडी दरवाजे लागले होते आणि लाकडी असा आमचाच उरला होता, तोही खालच्या टोकाचा, आणि तोही कुजलेला. बाबांनी कचेरीत खेटे घालून, साहेबांचं डोकं खाऊन शेवटची एक लाकडी जोडी मंजूर करून आणली होती. अट एकच: दुरुस्तीसाठी कालवा कोरडा करतील, आणि पुन्हा पाणी सोडायच्या तारखेला दोन्ही कवाडं जागेवर हवीत. नसली तर लोखंडी येणार, आणि मग लाकडाचं नाव काढायचं नाही. कारखान्यात लोखंडी जोडी तयारच होती.

लाकूड निवडून झालं होतं, अजून कुणी रेघ मारली नव्हती. जेवण झाल्यावर बाबा आपल्या जोत्यावर भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. काका समोर एक वासा तासत होता. मी डबा आवरून हौदावर परत आले, दोन होड्या वर चढवल्या, एक खाली उतरवली. संध्याकाळी शेडकडे गेले तेव्हा काका अजून तासत होता. बोटाने मला खूण करून हळू आवाजात म्हणाला, "दादा झोपलाय."

बाबांचे हात गार पडले होते. काकाने दुपारभर त्यांच्या समोर बसून काम केलं होतं आणि आवाज होऊ नये म्हणून हातोडी वापरली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. माणसं आली, माणसं गेली. बाबांना पोचवून आल्यावर काका हातपाय धुऊन जेवायला बसला आणि मीठ मागितलं. आईने ते त्याच्यासमोर ठेवलं. तो रडला नाही, आणि मला त्याचा राग आला. तसा मला माझाही यायला हवा होता, कारण रडू मलाही येत नव्हतं. लोक जवळ घेऊन म्हणायचे, मोकळी हो, मन हलकं कर. हलकं करायला काही जड असावं लागतं. मी हौदावर जायची, झडपा उघडायची, दांडे ढकलायची, होडीवाल्यांना हात करायची. सगळं काचेच्या पलीकडे चाललंय असं वाटायचं, आणि मला त्याचंही काही वाटायचं नाही.

मग कालवा कोरडा केला. क्रेन लावून जुनी कवाडं उचलली ती अर्ध्यातच मोडली आणि तुकड्यांनी वर आली. खात्याचे साहेब घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहाचा कप हातात धरून म्हणाले की आता हट्ट नको, उजव्या कवाडासाठी दुसरा सुतार बघू, नाहीतर लोखंडी जोडी तर आहेच. आईने माझ्याकडे बघितलं, मी काकाकडे. काका म्हणाला, "दादाचं कवाड मी करीन. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि तारखेची पुन्हा आठवण करून दिली.

काकाने आधी आपलं डावं कवाड केलं. ते कामावर हुकमत असलेल्या माणसाचं काम होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. खात्याचा ट्रक आला, कवाड घेऊन गेला, डाव्या भिंतीच्या खोबणीत ते उभं राहिलं. मग एका सकाळी काका मधली वाट ओलांडून बाबांच्या जोत्यावर जाऊन बसला. बाबांची बसायची फळी त्याने हलवली नाही, तिच्या शेजारी बसला. मी रोज डबा न्यायची. तो जेवायचा, डबा धुऊन ठेवायचा, पुन्हा कामाला लागायचा. समोरच्या रिकाम्या जोत्याकडे एकदाही वर मान करून बघायचा नाही. मला वाटायचं, हा माणूस लाकडाचा आहे. एकदा रागाच्या भरात मी ते आईला बोलून दाखवलं. आई म्हणाली, तू तरी कुठं हाडामांसाची राहिली आहेस?

कवाड झालं. चांगलं झालं होतं. सांधे असे बसले होते की नखही जाऊ नये. पाणी सोडायला पंधरवडा उरला होता, साहेब खूश होते, क्रेनवालाही वेळेवर आला, जे सहसा घडत नाही. हौदाच्या दोन्ही काठांवर थोडीफार माणसं जमली. क्रेनने कवाड उचललं, हवेत सावकाश फिरवलं आणि उजव्या भिंतीजवळ नेलं. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो.

काका म्हणाला, "हे डावं आहे."

कुणाला काही कळलं नाही. त्याचा आवाज रोजचाच होता, मीठ मागताना असायचा तसा. कवाडाची एक कड गोल असते, ती भिंतीच्या खोबणीत बसून फिरते. दुसरी कड तिरकी छाटलेली असते, ती समोरच्या कवाडाला भिडते. आणि फळ्या ठोकलेली बाजू पाण्याकडे हवी. आता गोल कड उजव्या भिंतीकडे केली की फळ्या पाण्याकडे पाठ करून उभ्या राहत होत्या आणि तिरकी कड भलतीकडेच तोंड करत होती. फळ्या पाण्याकडे वळवल्या की गोल कड हौदाच्या मधोमध येत होती. काकाने दुसरं डावं कवाड केलं होतं. पहिल्याइतकंच उत्तम.

साहेबांनी विचारलं, उलटं करून लावलं तर? खालची बाजू वर, वरची खाली? काकाने मान हलवली. पाणी सोडायची झडप कवाडाच्या बुडाशी असते, ती डोक्यावर गेली असती. क्रेनवाला म्हणाला की मग होडीला डोक्यावरून आंघोळ घालता येईल. एकदोघे हसले. काका शांतपणे जिन्याने कोरड्या हौदात उतरला आणि तळाच्या उंबऱ्यावर, जिथं दोन कवाडं भेटतात तिथं, जाऊन बसला. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की त्यांना वाईट वाटतंय, पण कारखान्याला फोन करावा लागेल. मी त्यांना म्हटलं, तारीख अजून उलटलेली नाही. ते कवाडाकडे बघून म्हणाले की बरं, तारखेपर्यंत फोन करत नाही. त्यांनी ते पाळलं.

मी खाली उतरले. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. बाबांनी शेवटची म्हणून मागून आणलेली जोडी या माणसाने घालवली, हे त्याला ऐकवायचं होतं. पण त्याला उंबऱ्यावर तसा बसलेला बघून मी शेजारी बसले. तोच बोलला.

"मला उजवं येत नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं बघत होतो. बघून वाटायचं, येतंय."

मग तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्याच्या जोत्यावर तो बसला की शेडचं दार त्याच्या डाव्या हाताला यायचं, आणि कवाडाचं डोकं, म्हणजे वरचं टोक, नेहमी दाराकडे. बाबांच्या जोत्यावर बसलं की दार उजव्या हाताला येतं. पण काका तिथं बसला आणि हातांनी आपणहून डोकं डावीकडे ठेवलं, म्हणजे शेडच्या मागच्या भिंतीकडे. पुढचं सगळं त्या चुकीमागून ओळीने बरोबर होत गेलं. समोर दुसरं कवाड असतं तर पहिल्या रेघेलाच लक्षात आलं असतं. समोर काहीच नव्हतं.

मी म्हटलं, आता माहीत झालं ना, मग डोकं दाराकडे कर आणि लाग कामाला. तो म्हणाला, "डोक्याला कळतं गं. हात ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याने ते कवाड सोडवायला घेतलं. स्वतःचे सांधे स्वतःच फोडताना त्याचा चेहरा अजिबात हलला नाही. फळ्या बहुतेक वाचल्या, दोन खांब वाया गेले, त्यांच्या जागी बाबांनी निवडून ठेवलेल्या लाकडातले घेतले. डोकं दाराकडे करून त्याने रेघा मारायला सुरुवात केली आणि पहिल्याच खांबावर पुन्हा खाच चुकीच्या अंगाला आखली. पुसली. पुन्हा आखली, पुन्हा तशीच. मी डबा घेऊन दारात उभी होते. तो बराच वेळ खडू हातात धरून बसला. मग समोरच्या, त्याच्या स्वतःच्या जोत्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं बस."

मी म्हटलं, मला सुतारकाम येत नाही. त्याने सांगितलं की करायला नकोय, त्याला बघायला हवंय. मी त्याच्या जागी भिंतीला पाठ टेकवून बसले. त्याने माझ्यापुढे जुन्या फळ्या कवाडासारख्या मांडल्या, डोकं दाराकडे, माझ्या डाव्या हाताला. माझ्या हातात खडू आणि काटकोन आखायचा गुण्या दिला. मग परत जाऊन बसला आणि सांगायला लागला: गुण्या इथं लाव, रेघ ओढ, आता हात इतका खाली घे. मी डावं कवाड आखत होते, तो समोर बघून उजवं आखत होता. माझ्या रेघा वाकड्यातिकड्या होत्या. त्याला चालत होत्या. माझी रेघ तो बघायचा आणि मगच त्याचा खडू टेकायचा.

असे आम्ही रोज बसलो. हौद कोरडा असल्यामुळे मला दुसरं काम नव्हतंच. आखणं संपल्यावर त्याने मला बोथट पटाशी दिली, ती नुसती टेकवायची. रंधा नुसता ओढायचा, पातं न लावता. आधी मला हसू यायचं, शेडमध्ये नाटक बसवतोय असं वाटायचं. मग तेही गेलं. तो सांगायचा तसं मी करायची, आणि जे करायची ते त्याचं होतं. कोपर कसं अंगाशी धरायचं, फळीवर गुडघा कुठे टेकायचा, जोर लावताना खालचा ओठ कसा दाताखाली घ्यायचा, हेही त्याने सांगितलं. ओठाचं कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, हे सगळं एकत्रच येतं त्याला. कोणाला, ते मी विचारलं नाही; ओठ दाताखाली घ्यायची सवय काकाचीच होती. आई एकदा डबा घेऊन आली, दारात थबकली, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, डबा ठेवून परत गेली.

कवाड तारखेच्या आदल्या दिवशी बसलं. गोल कड भिंतीकडे, फळ्या पाण्याकडे. साहेबांनी दोनदा खात्री करून घेतली आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. क्रेनवाल्याने मला विचारलं की या वेळी कोणतं आहे, आधीच सांगा. मी म्हटलं, या वेळी उजवं.

आमच्याकडे नवा दरवाजा पहिल्यांदा ज्याने केला त्याने लावायचा. प्रत्येक कवाडाला वर लांब दांडा असतो, त्याला पाठ लावून, पाय रोवून मागे रेटत जायचं, तेव्हा कवाड फिरतं. दोन दांडे दोन काठांवर, आणि दोघांनी एकाच वेळी रेटलं तरच कवाडं मध्ये नीट भेटतात. आजवर प्रत्येक नव्या दरवाजाला उजव्या काठावर बाबा आणि डाव्या काठावर काका असायचे. या वेळी दोन्ही कवाडं एकाच माणसाची होती आणि एका माणसाला दोन काठांवर उभं राहता येत नाही. पाणी सोडायच्या दिवशी काका पूल ओलांडून उजव्या काठावर गेला आणि बाबांच्या दांड्याला पाठ लावली. मला डाव्या दांड्याकडे जायची खूण केली.

आम्ही रेटलं. नवं लाकूड करकरत फिरलं. कवाडं मध्ये आली, भिडली. वरून पाणी सोडलं. आधी तळाशी चिखलासारखं आलं, मग भिंतींवर चढायला लागलं. फटीतून थोडं पाणी झिरपत होतं, नव्या दरवाजाला ते होतंच. पाणी अर्ध्यावर चढलं तसं झिरपणं कमी झालं आणि पुढे थांबलं. साहेबांनी हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोडे घरी गेले, थोडे पहिली होडी बघायला थांबले. मी दांड्यापासून बाजूला झाले आणि पूल ओलांडायला निघाले. काका तसाच उजव्या दांड्याला टेकून होता, माझ्याकडे बघत.

मी हाक मारली, चल, आई वाट बघतेय.

तो म्हणाला, "तू जरा तिथंच थांब. होतीस तशी."

"का?"

"दादाला इथून मी दिसायचो," काका म्हणाला. "आत्ता कळतंय."

मी परत फिरले आणि डाव्या दांड्याला पाठ लावून उभी राहिले, कोपर अंगाशी धरून, त्याने शिकवलं होतं तशी. मधे पाणी होतं. पलीकडे काका बाबांच्या जागेवरून स्वतःकडे बघत होता आणि रडत होता, आवाज न करता, तोंड पुसायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. मला त्याच्याकडे जायचं होतं. पण मी हलले असते तर तिथं कुणीच उरलं नसतं, म्हणून तो म्हणेपर्यंत मी हलले नाही.